धोट्याचं पेन

आप्पांनी उभी हयात यंत्रमागावर काढली. कारखाना सुटला तेव्हा आठवण म्हणून एक धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन धावणारा लाकडी ठोकळा, घरी आणला, तो माळ्यावर पडून होता. त्याचं पेन करायची बुद्धी मला झाली.

पेनचं किट विकत मिळतं. पितळी नळ्या, टोक, क्लिप, रिफिल सगळं तयार. आपण लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून तासायच्या यंत्रावर, करायचा तो फक्त लाकडाचा अंगरखा. एवढ्याशा कामासाठी मी अख्खा एप्रिल गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत घालवला. पारा 42च्या पुढे, आणि पंखा लावायची सोय नाही. भुसा थेट तोंडात येतो.

सरावाला कडुनिंब घेतला. 7 मिलिमीटरचं भोक पाडायचं, बस्स. पण ड्रिलचं बिट खालून बाहेर पडताना बुडाचा टवका सोबत नेतं. तुकडा आधी लांब ठेवून मग कापायचा असतो, ही अक्कल चौथ्या तुकड्याला आली. तोवर घशाशी इतका कडू भुसा गेला होता की चहासुद्धा काढ्यासारखा लागत होता.

पाचव्याचं भोक नीट पडलं. आता नळीला सुपर ग्लू लावायचा आणि फिरवत फिरवत, न थांबता आत सारायची. नळी अर्धी गेली तोच खालून हाक आली, "अहो, पाणी आलं!" चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यासाठी सोलापूरचा माणूस अंगाला साबण असतानाही धावतो. मोटर लावून परत आलो तर नळी अर्धी आत, अर्धी बाहेर. ती आजही तशीच आहे. आता तिच्यात बायको उदबत्ती लावते.

शेवटी धोटा हातात घेतला. मधे सुताच्या कांडीसाठी पोकळ, दोन्ही टोकांना लोखंड. भरीव लाकूड टोकांजवळच, तेही बोटभर. लोखंड नक्की कुठे संपतं ते करवतीचे दात गेल्यावर समजलं. पण लेथवर चढवला आणि वरचा काळा, तेलकट थर सुटला, तसं आतून गुळाच्या रंगाचं लाकूड निघालं. कागदासारखी पातळ सालं मनगटावर पडत होती. मी अक्षरशः श्वास धरून होतो. मग पॉलिश पेपर, 150 नंबरपासून 600पर्यंत. जोरात दाबला की लाकूड तापतं आणि तडकतं, म्हणून आपलं हळूहळू, बाळाला तेल लावल्यासारखं.

पेन आप्पांच्या हातात दिलं. त्यांनी ते बोटांत फिरवलं, जोडावर नख घासलं, उजेडाकडे धरलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकोनात 'पाणी आले' असं लिहिलं, खाली एक लांब रेघ ओढली.

"झकास," आप्पा म्हणाले.

माझा ऊर भरून आला.

"रिफिल लै झकास हाय बघ. कुठं मिळाली रे?"