आगोट भरायला पैसे कुणाकडे असतात? : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

आगोटीची बेगमी, म्हणजे आपल्या कोकणात पावसाळ्याआधी भरून ठेवायचं सामान, आणि घरखर्च यावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे मुद्दे दोन. रोजंदारीवरच्या घराने मे महिन्यात तीन महिन्यांचा बाजार एकदम भरायचा कशातून? आणि 'घरीच करा, घरीच वाळवा' असं मी सहज लिहून गेलो, पण ते करते घरातली बाई, तिचे कष्ट माझ्या हिशेबात कुठेच नाहीत.

दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे मी चुकलो. सोलं, म्हणजे कोकमाची वाळवलेली सालं, घरी केली तर निम्म्यात पडतात, असं मी लिहिलं होतं. रातांबे (कोकमाची फळं) वेचायचे, फोडायचे, बिया काढायच्या, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात घालायची, संध्याकाळी आत घ्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा पुट द्यायचं. असे पाच-सहा दिवस, आणि आभाळ भरून आलं की धावपळ. आमच्याकडे हे आईने केलं, आता बायको करते. ती मजुरी धरली तर निम्म्यात पडतात हे खोटं आहे. वर्षाला किलोभर सोलं लागणाऱ्या घराने ती शेजारणीकडून विकत घ्यावीत, असं आता माझं मत आहे. पैसे वाडीतच राहतात आणि करणारीला तिच्या कामाचे मिळतात.

पण 'ज्यांच्याकडे काही नाही त्यांना बचत शिकवू नका' हे तुमचं वाक्य मला पटलं नाही. का, ते सांगतो.

माझे वडील परळच्या एका गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि आमची मनिऑर्डर थांबली. वडील शिमग्याला गावी आले, ते पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. मी तेव्हा नऊ वर्षांचा. कणगीत भात होतं, मडक्यात कुळीथ होते, हरणै बंदरातून आणलेला जवळा नि सुके बांगडे डब्यात होते. त्या पावसाळ्यात सकाळी पेज आणि रात्री कुळथाची पिठी, हे इतक्या वेळा झालं की धाकटी बहीण ताट बघून रडायची. पण वाण्याच्या वहीत आमचं पान उघडलं नाही. श्रावणात वडील आजारी पडले आणि आईच्या पाटल्या गेल्या. बेगमीने पगार भरून निघत नाही, हे मी घरातच पाहिलंय. तरी त्या पाटल्या औषधपाण्याला गेल्या, तांदूळ-मिठाला नाही. आधीच वाण्याचं देणं झालं असतं तर दवाखान्यासाठी काय उरलं असतं, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

आपल्याकडे पैसा महिन्याच्या महिन्याला येतच नाही. काजू मार्चपासून, आंबा एप्रिल-मेमध्ये, पर्यटक सुट्टीत. मग 1 जून ते 31 जुलै मासेमारीच्या यांत्रिक बोटी बंद, त्याच जूनमध्ये शाळेच्या वह्या-छत्र्या, आणि पाठोपाठ गणपती. घर कर्जात जातं ते याच दिवसांत. समजा जूनमध्ये 20,000 रुपये महिना 3 टक्क्यांनी उचलले आणि पाच महिन्यांनी फेडले, तर व्याजच 3,000 होतं. दूधपावडर नि साबण वाचवून हे 3,000 कधी निघायचे? म्हणून मी काटकसर म्हणतो तेव्हा मला पोटाला चिमटा घेणं अभिप्रेत नसतं. पावसात हात पसरावा लागू नये, एवढंच बघायचं.

आता तुमचा मुख्य प्रश्न: एकदम कुठून आणायचे? एकट्या घराला जमत नाही, हे खरंच. आमच्या वाडीतल्या बचत गटाने गेली काही वर्षं मे महिन्यातच बायकांना कर्ज द्यायला सुरुवात केली, महिना 1 टक्क्याने. वर धरलेलेच 20,000 गटाकडून घेतले तर पाच महिन्यांचं व्याज 1,000, आणि तेही गटाच्याच पेटीत. शिवाय तेलाचे डबे, डाळ, कांदे पाच-सहा घरं मिळून आणतात आणि वाटून घेतात. रेशनवरचं धान्य 2023 पासून मोफत आहे, माणशी 5 किलो. तांदळाचे पैसे तेवढे सुटतात, ते मे महिन्यात सुक्या मासळीला लावावेत. बोटी बंद झाल्यावर तोच बोंबील महाग होतो.

मात्र सगळंच डब्यात साठवू नये. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात आमचे पत्रे उडाले आणि तासाभरात वर्षाची बेगमी भिजली. पोफळी गेल्या, माड गेले, वीज कितीतरी दिवस नव्हती. तांदळाला वास सुटला, सुकी मासळी पुरून टाकावी लागली. तेव्हा उपयोगी पडलं ते पोस्टातलं आवर्ती खातं. महिना 100 रुपयांपासून उघडता येतं, पाच वर्षांचं असतं, आणि वर्ष झाल्यावर, 12 हप्ते भरलेले असले तर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं. महिन्याला नेमाने भरणं आपल्याकडे अवघड, पण हप्ते आगाऊ भरता येतात. आम्ही आंब्याचे पैसे आले की सहा हप्ते एकदम भरून टाकतो.

गणपतीच्या खर्चाबद्दल मी 'देवाच्या कामात हात आखडता घ्यायला सांगतो' असंही तुम्ही लिहिलंय. मखर आणि फटाके कमी करा, एवढंच माझं म्हणणं होतं. भजनाला आलेल्या मंडळींची उसळ आणि चहा कुणी कमी करू नये.

सोलांचा परिच्छेद आज रात्री दुरुस्त करतो आणि तुमच्या सांगण्यावरून केला, असं तिथे लिहितो. मे महिन्याच्या कर्जाबद्दल तुमच्याकडच्या गटात विचारून बघाल का? 'पेटीत एवढी शिल्लक नाही' असं म्हणाल्या तर सगळ्यांना एकदम न देता, पहिल्या वर्षी ज्यांच्या घरी कमावतं माणूस एकच आहे त्यांना द्या. आमच्याकडे सुरुवात चार घरांपासून झाली.