बिबट्या, गरुड, साप आणि आई

डरबनला घर भाड्याने घेताना एजंटाने परसातलं आंब्याचं झाड मोठ्या कौतुकाने दाखवलं. त्या झाडावरचे जुने भाडेकरू मात्र दाखवले नाहीत. राखाडी अंग, काळं तोंड, भोवती पांढरी झालर. व्हर्वेट माकडं. झुलूत त्यांना इंकावू म्हणतात. आमच्या घरात जे म्हणतात ते छापण्यासारखं नाही.

इथे दिवाळी उन्हाळ्याच्या तोंडावर येते, म्हणजे खिडक्या उघड्या. चकल्यांचा पहिला घाणा कागदावर निवत टाकून मी फोन घ्यायला गेलो. परत येतो तर टोळीतली थोरली बाई ओट्यावर बसलेली. एक चकली तिने नाकाशी नेली, कडकन मोडली, खुसखुशीत असल्याची खात्री केली आणि गालाच्या पिशव्या भरायला घेतल्या. बाकीची मंडळी खिडकीत ताटकळत होती. तिचं आटपेपर्यंत कोणाची हात लावायची छाती झाली नाही. आमच्या लग्नाच्या पंगतीत एवढी शिस्त नव्हती.

सांगलीहून आलेल्या आईला मी समजावलं, की यांच्यात आईचा मान लेकीकडे जातो. मुली जन्मभर माहेरीच, मुलगे वयात आले की दुसऱ्या टोळीत. डरबनच्याच क्वाझुलू-नाताळ प्रांतात झालेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. एका टोळीला गुलाबी मक्याची सवय लावली, दुसरीला निळ्या. टोळी बदललेल्या बहुतेक नरांनी आपली आवड सोडून नव्या घरचा रंग मुकाट खाल्ला.

"घरजावई," आई म्हणाली. तिला ही पद्धत पटली. पटला नाही तो नरांच्या एका अवयवाचा निळाशार रंग. चष्मा पुसून तिने दोनदा खात्री केली आणि पडदा ओढला.

मी रबरी साप आणला. केनियाच्या अंबोसेलीतल्या व्हर्वेटांवरचं संशोधन १९८० सालचं. बिबट्या, गरुड आणि साप, तिघांसाठी इशाऱ्याच्या हाका वेगवेगळ्या. बिबट्याची हाक ऐकली की झाडावर, गरुडाची ऐकली की वर बघायचं नाहीतर झुडपात, सापाची ऐकली की मागच्या पायांवर उभं राहून गवत धुंडाळायचं. पहिल्या दिवशी अगदी तस्संच झालं. सगळी टोळी उभी राहून माझ्या सापाकडे बघत होती, मीही उगाच उभा राहिलो. चौथ्या दिवशी एक पिल्लू त्याची शेपटी चघळत होतं.

साप उचलून मी भाजीच्या टोपलीत टाकला आणि विसरलो. संध्याकाळी आईने मेथीची जुडी काढायला हात घातला.

ती किंकाळी ऐकून आख्खी टोळी एका झेपेत आंब्याच्या शेंड्यावर. म्हणजे व्हर्वेटांच्या हिशोबात आई बिबट्यात मोडते.

त्यानंतर चकल्या शाबूत आहेत. आईचं परतीचं तिकीट १२ तारखेचं आहे, ते पुढे ढकलायचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.