काठावरचा वाद आणि वरची जमीन

पुण्यातल्या मुळा-मुठा नदीकाठ प्रकल्पावरचा वाद मी परदेशातून, पण नेमाने वाचतो. सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या या कामातल्या भरावामुळे पात्र आवळले जाईल, असे विरोधक म्हणतात. पुराची पातळी उलट खाली येईल, असे महापालिका सांगते. या वादात कोणीतरी नेदरलँड्सचा दाखला देतोच, आणि मी राहतो ते नायमेखन नेमके त्या दाखल्यातले शहर आहे.

इथे वाल नदी शहरापाशी वळते आणि अरुंद होते. १९९५ मध्ये पुराच्या धास्तीने देशातल्या सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली, आणि पुढे नदीला जागा देण्याचे धोरण आले. पलीकडच्या लेंटमधला बांध ३५० मीटर मागे घेतला, सुमारे ५० घरे पाडली आणि मोकळ्या झालेल्या जमिनीत नदीसाठी दुसरा प्रवाह खोदला. या कामाचे कौतुक मलाही आहे. पण वालचे पाणी ऱ्हाइनचे, म्हणजे स्वित्झर्लंड आणि जर्मनीतून येणारे. तिथल्या जमिनीवर डचांची सत्ता चालत नाही, म्हणून जे हातात होते, म्हणजे काठ, तो त्यांनी हलवला.

आपली गोष्ट वेगळी आहे. मुळा, मुठा आणि पवना या तिन्ही नद्या उगमापासून भीमेच्या संगमापर्यंत एकाच जिल्ह्यातून वाहतात, म्हणजे वरची जमीनही आपल्याच हातात आहे. पूर धरणांच्या विसर्गामुळे येतो, हे उत्तर मी पुष्कळदा ऐकले आहे आणि मुठेच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही आहे; पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हाहाकार माजवणारा आंबिल ओढा कात्रजच्या उतारांवरून येतो.

डोंगरउतार फोडला, झाडोरा काढला की आधी माती वाहून येते. पात्र उथळ होते, मध्येच गोट्या-वाळूचे उंचवटे तयार होतात आणि त्यांना वळसा घालणारा प्रवाह काठ कापू लागतो. पुढे त्याच उतारावर इमारती आणि काँक्रीटचे रस्ते झाले की माती येणे घटते, मात्र पूर्वी जमिनीत मुरत मुरत येणारे पाणी आता तासा-दोन तासांत लोंढ्याने येते आणि वाहून न्यायला गाळ नसल्यामुळे तळ व काठच खरवडते. अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या नद्यांच्या अभ्यासावरून भूगोलतज्ज्ञ एम. गॉर्डन वोल्मन यांनी हा क्रम १९६७ मध्येच मांडला होता.

गेल्या पावसाळ्यात पुण्यात आलो तेव्हा आमच्या इमारतीमागच्या ओढ्यात मी हा क्रम प्रत्यक्ष पाहिला. काठाचा मुरूम आतून पोखरला गेला होता, उंबराची मुळे उघडी पडून लोंबत होती आणि एकेकाळी मातीत पुरलेला ड्रेनेजचा पाइप हातभर अधांतरी होता. ओढ्यात कोणी हात घातला नव्हता. बदल झाला होता तो वरच्या टेकडीवर.

म्हणूनच ‘गाळ काढा, पात्र खोल करा’ ही मागणी मला अपुरी वाटते. गाळाचे मूळ तसेच राहिले तर तो पुन्हा येतो, आणि मुख्य पात्र फार खोल केले तर त्याला मिळणारे ओढे आपला तळ उगमाच्या दिशेने कापत जातात. पूररेषांचेही तेच. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण पाणलोट क्षेत्रातली जमीन बदलली की तेवढ्याच पावसाचा पूर मोठा होतो आणि आधी आखलेली रेषा नकाशावर तशीच राहते. टेकडीवरच्या बांधकामाला परवानगी देताना खालच्या ओढ्याचा विसर्ग किती वाढेल याचा हिशेब मागायला हवा, आणि तो पूररेषेच्या नकाशात उतरायला हवा. नदीकाठच्या भिंतीची उंची त्यानंतर ठरवावी.

इमारतीतल्या लोकांनी ओढ्याला दगडी भिंत बांधायचे ठरवले आहे. वर्गणीतला माझा वाटा मी भरला, कारण पाइप खरोखरच तुटायला आला होता.