‘भाड्याचं घर आहे, स्वस्तातलं फ्लोअरिंग टाका’: हा सल्ला ऐकू नका

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, की घर भाड्याने द्यायचंय तर सगळ्यात स्वस्त फ्लोअरिंग टाका, भाडेकरू तसंही वाट लावणारच, ते गेले की उचकटून नवीन टाका, फक्त फळी जाड बघा आणि बॉक्सवर वॉटरप्रूफ लिहिलेलं असू दे. लोक खरंच असं करतायत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

स्वस्त पडतं म्हणे. अहो मटेरियल स्वस्त पडलं, पण जुनं काढायची मजुरी, तो मलबा उचलणं, खालचा बेस परत लेव्हल करणं, नवीन बसवायची मजुरी, वर तेवढे दिवस भाडं बंद, हे सगळं दरवेळी नव्याने. रेट विचारताना किती वर्षं चालेल तेही विचारा.

जाडीचं म्हणाल तर व्हिनाइलमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या फ्लोअरिंगमध्ये, झीज सोसतो तो वरचा पारदर्शक वेअर लेयर. 6 एमएमची फळी पण लेयर 0.2 एमएमचा, त्यापेक्षा 4 एमएमची 0.5 लेयरवाली ओरखड्यांना जास्त टिकते. लॅमिनेट असेल तर बॉक्सवर एसी 4 बघा, ती झीज सोसण्याची श्रेणी असते.

आता वॉटरप्रूफ. एसपीसीच्या, म्हणजे दगडाची पूड आणि प्लास्टिक मिळून केलेल्या व्हिनाइलच्या फळीला पाण्याने काही होत नाही हे खरंय, पण सांध्यातून पाणी खाली गेलं की तिथे साचतं, वास मारतो, बुरशी धरते. आणि साध्या लॅमिनेटचा गाभा लाकडाच्या तंतूंचा, सिंकसमोर रोज थोडं थोडं पाणी सांडलं की सांध्याच्या कडा फुगतात, बोट फिरवलं तरी उंचवटा लागतो आणि तो परत बसत नाही. ओल्या जागी सरळ व्हिट्रिफाइड टाइल, ती 0.5 टक्क्याच्या आतच पाणी शोषते, फक्त मॅट घ्या, चकचकीत टाइलवर माणूस घसरतो.

‘भाडेकरू वाट लावतात’ या म्हणण्याचा मला खरंच राग येतो. खाली खड्डा ठेवून फळ्या बसवल्या की चालून चालून फळ्या एकमेकीत अडकवणारं कडेचं लॉक तुटतं, टाइलखाली पोकळ राहिली की एखादं जड भांडं पडूनसुद्धा तडकते, आणि पैसे कापायचे त्यांच्या डिपॉझिटमधून! हे चूक आहे. त्यांना एवढंच सांगा की व्हिनाइलवर रबरी तळाची पायपुसणी ठेवू नका, पिवळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत.

आणि त्याच बॅचचा एक बॉक्स जास्तीचा घेऊन ठेवा, नंतर तोच शेड मिळेलच असं नाही.