स्टेशनपासून पाच मिनिटांवर

मुंबईत किंवा तिच्या आसपास घर घेण्याचा विचार असेल, तर किलोमीटर ही जुनाट कल्पना सर्वप्रथम डोक्यातून काढून टाकावी. या महानगरात अंतर मिनिटांत मोजतात आणि ती मिनिटे बिल्डर मोजतो. जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ असे आढळले, तर कशाने आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी, असले प्रश्न विचारून विक्री कार्यालयातील तरुणाचा विरस करू नये. त्याने ते अंतर नकाशावर बोटाने कापलेले असते आणि बोटाला शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहावे लागत नाही.

खुद्द शहरात राहण्याचा हट्ट असल्यास उपाय सोपा आहे. आपल्या आजोबांनी स्वातंत्र्याच्या सुमारास गिरगावात पागडीने, म्हणजे एकरकमी पैसे मोजून कायमच्या नाममात्र भाड्याने, खोली घेऊन ठेवलेली असावी. ठेवली नसल्यास आता त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पुढचे स्टेशन पाहावे.

ज्यांना वर्तमानाची फारशी ओढ नाही, त्यांनी नवी मुंबईतील उलव्याकडे वळावे, कारण तिथे घराबरोबर भविष्यकाळही मिळत आला आहे. नवी मुंबई विमानतळाची पायाभरणी फेब्रुवारी २०१८ मध्ये झाली आणि उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये. मधल्या काळात तिथे प्रवाशांना घेऊन एकही विमान उतरले नाही, परंतु ‘विमानतळालगत’ घर घेतलेल्यांचे कर्जाचे हप्ते एकदाही उशिरा उतरले नसावेत. शिवाय जानेवारी २०२४ पासून २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सेवेत आहे. त्यावरून शिवडीला खरोखरच झटपट पोहोचता येते, मात्र त्यासाठी मोटार आणि पथकराची तयारी हवी. दुचाकी आणि रिक्षा यांना त्यावर प्रवेश नसल्याने इतरांनी हा सेतू गच्चीवरून पाहावा.

पगार बेताचा असेल, तर आपली निवड मध्य रेल्वेने आधीच करून ठेवली आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून गाडी जसजशी दूर जाते, तसतसा दर चौरस फुटामागे उतरतो आणि जिथे तो आपल्या ऐपतीला टेकतो, तिथे आपण उतरावे. ते स्थानक साधारणतः बदलापूर किंवा वांगणी असते. तिथे नदीकाठच्या इमारतीला प्राधान्य द्यावे. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीने याच दोन स्थानकांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेसच्या हजाराहून अधिक प्रवाशांना कित्येक तास आपले दर्शन घडवले आणि शेवटी त्यांना बोटींतून बाहेर काढावे लागले. बिल्डर याच दर्शनाला ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणतो आणि त्याचे वेगळे पैसे लावतो.

सदनिका पाहताना वारा कुठून येतो, सकाळचे ऊन कोणत्या खोलीत पडते, अशी चौकशी करणारे ग्राहक आढळतात. त्यांच्या भाबडेपणाचे कौतुक वाटते. जो मनुष्य पहाटे साडेपाचला बाहेर पडून रात्री नऊनंतर परततो, त्याने उन्हाची दिशा विचारणे म्हणजे उपवासाच्या दिवशी मेजवानीचा बेत विचारण्यासारखे आहे. त्यापेक्षा त्याने फलाटावर आपला डबा नेमका कुठे लागतो, तिघांच्या बाकावर चौथी सीट देणारे सज्जन कोणत्या दाराशी बसतात आणि खिडकीसाठी किती स्थानके उलटे जाऊन गाडी पकडावी लागते, याची माहिती काढावी. आयुष्याचा जागा असलेला बराचसा भाग त्या बाकाच्या कडेवर, एक मांडी अधांतरी ठेवून, जाणार आहे. घराचे चटईक्षेत्र तपासणाऱ्याने या क्षेत्राकडेही लक्ष द्यावे, कारण त्यावर महारेरा या गृहबांधणी नियामकाचे नियंत्रण नाही. पश्चिम मार्गावर घर घेणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे की, बोरिवलीला उतरायचे असेल तर संध्याकाळी विरार गाडीत चढू नये. उतरू दिले जाण्याची शाश्वती तिथले सहप्रवासी देत नाहीत.

एवढे सर्व जुळून ताबा मिळालाच, तर वास्तुशांतीचा मुहूर्त भटजींना विचारण्यापूर्वी रेल्वेचे वेळापत्रक पाहावे. पाहुण्यांच्या सोयीसाठी रविवार निवडण्याचा मोह अनेकांना होतो. त्या दिवशी दुरुस्तीसाठी गाड्या रोखणारा मेगाब्लॉक असतो आणि प्रसाद दुपारनंतर शेजाऱ्यांत वाटावा लागतो.