बस वाढवा, पण स्वारगेटला उभ्या करू नका

रविवारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बैठक झाली. विषय एकच होता, पुण्याच्या कडेच्या धायरीतून शहरातल्या स्वारगेट स्टँडपर्यंत जादा बस मिळाव्यात म्हणून अर्ज द्यायचा. अर्ज मीच लिहून नेला होता. वाचून संपवला तशी मागच्या खुर्चीवरून एक काका म्हणाले, "ताई, बस वाढवून काय होणार? स्वारगेटला आत्ताच पाय ठेवायला जागा नाही. आणखी दहा गाड्या आल्या तर स्टँडचा पार बोजवारा उडेल." चार-पाच जणांनी माना डोलावल्या. त्या वेळी मला नीट उत्तर सुचलं नाही, आणि ते मला फार लागलं. कारण जिथे जिथे नव्या बसची मागणी होते तिथे हे वाक्य येतंच, आणि ते आलं की मागणी बारगळते. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

काका खोटं बोलत नव्हते, हे आधी सांगते. मी गेली सव्वीस वर्षं बसने कामाला जाते. गर्दीच्या वेळी स्टँडवर काय होतं ते मला कुणी सांगायला नको. मागच्या महिन्यातलीच गोष्ट. शहराच्या मध्यावरच्या एका स्टँडवर सकाळी मी उभी होते. एक गाडी फलाटावरून मागे घेत होते. कंडक्टर मागे उभा राहून पत्र्यावर थाप मारत होता, "येऊ दे… येऊ दे… येऊ दे…" त्याच वेळी दुसऱ्या बाजूने एक गाडी आत शिरली आणि तिसरी तिच्या मागे येऊन थांबली. दोन गाड्यांच्या मधल्या बोळातून एक आजोबा काठी टेकत, वर तोंड करून बोर्ड वाचत चालले होते. कंडक्टरची थाप अचानक थांबली आणि तो जिवाच्या आकांताने "बास! बास!" ओरडला. आजोबा वाचले. मी त्यांचा हात धरून त्यांना कडेला आणलं तेव्हा तो हात थरथरत होता. माझाही.

तर गर्दी आहे, आणि ती जीवघेणी आहे. मुद्दा हा आहे की ती कशाने होते.

आजोबांना बाकावर बसवलं आणि माझी गाडी येईपर्यंत मीही तिथेच बसले. समोरच्या फलाटावरची गाडी मी आले तेव्हाही तिथेच होती. इंजिन बंद, आत कुणी नाही, दरवाजा उघडा. तिच्या शेजारचीही तशीच. ज्या गाड्या आत यायला धडपडत होत्या त्यांच्यात माणसं होती, आणि ज्यांनी जागा अडवली होती त्या रिकाम्या होत्या.

माझे वडील, आमचे दादा, पीएमटीत म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेत कंडक्टर होते. २००७ साली पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली, त्याच्या आधीच ते निवृत्त झाले. ते प्रवाशांना शेवटपर्यंत 'उतारू' म्हणायचे. एकदा नात्यातल्या लग्नात जेवणाला भयंकर खोळंबा झाला होता. हॉल मोठा होता, वाढपीही भरपूर होते, पण पहिली पंगत उठतच नव्हती. जेवून झालेली माणसं ताटावर बसून गप्पा मारत होती आणि दाराशी दुसऱ्या पंगतीची माणसं ताटकळत होती. दादा मला हळूच म्हणाले, "आमच्या स्टँडवर रोज हेच होतं बघ. पाहुणे जास्त नाहीत, पंगत उठत नाही."

हे मला त्या रविवारी आठवायला हवं होतं.

साधा हिशोब करून पाहा. एका फलाटावर एक गाडी बारा मिनिटं थांबली, तर त्या फलाटावरून तासाला पाच गाड्या सुटतील. तीच गाडी चार मिनिटांत सुटली, तर पंधरा. जागा तेवढीच, गाड्या तिप्पट. म्हणजे स्टँडवर किती गाड्या मावतील हे स्टँडच्या लांबीरुंदीवर जितकं अवलंबून आहे, त्याहून जास्त प्रत्येक गाडी किती वेळ थांबते यावर आहे.

मग गाडी इतका वेळ का थांबते? तर तिची फेरी तिथे संपते म्हणून. उतारू उतरले, बोर्ड बदलला, पुढच्या फेरीची वेळ व्हायची आहे, मधल्या वेळात ड्रायव्हर-कंडक्टरला चहा घ्यायचाय, मोकळं व्हायचंय, दोन घास खायचेत. हा त्यांचा हक्क आहे. कंडक्टरची मुलगी म्हणून सांगते, त्यांची विश्रांती तोडून स्टँड मोकळा करा असं माझ्या तोंडून कधी निघणार नाही. दादांना मूतखड्याचा त्रास होता आणि त्याचं एक कारण ड्युटीवर पाणी न पिणं हे होतं, असं आई शेवटपर्यंत म्हणायची. आता तर बायकाही कंडक्टर आहेत. प्रश्न इतकाच की ही विश्रांती शहरातल्या सगळ्यांत महाग, सगळ्यांत अडचणीच्या जागेवर का? ती फेरीच्या दुसऱ्या टोकाला, धायरीला, का नाही? कारण धायरीच्या टोकाला ना शेड, ना नळ, ना स्वच्छतागृह. तिथे गाडी रस्त्याच्या कडेला कशीबशी वळते आणि लगेच परत फिरते. जिथे निवांत थांबायला हवं तिथून पळायचं, आणि जिथून पळायला हवं तिथे थांबायचं, असा उलटा प्रकार झालाय.

आता दुसरी बाजू. बस कमी असल्या की स्टँड मोकळा राहतो, असं काकांना वाटतं. समजा एका मार्गावर मिनिटाला दोन माणसं फलाटावर येतात. गाडी अर्ध्या तासाने असेल, तर ती लागेपर्यंत साठ माणसं जमतात. दहा मिनिटांनी असेल, तर वीस. वीस माणसं शेडखाली उभी राहतात. साठ माणसं शेडबाहेर, रस्त्यावर, दुसऱ्या गाडीच्या वाटेत उभी राहतात. गाडी दिसली की ती तिच्यामागे धावतात, दाराला लोंबकळतात, आणि ती चढेपर्यंत गाडी फलाट सोडू शकत नाही. बस कमी केल्याने माणसं कमी होत नाहीत, ती फलाटावर साठतात.

आणि माणसं वाढणारच आहेत. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू झाली. आता जमिनीखालून लोक स्वारगेटला वर येतात आणि वर आल्यावर त्यांना कात्रज, धायरी, मार्केट यार्ड, हडपसर गाठायचं असतं. २०१७ ला अकरा आणि २०२१ ला तेवीस गावं पुणे महापालिकेत आली. त्या गावांतली पोरं शिकायला शहरात येतात, बाया कामाला येतात. पीएमपीएमएलने रोज प्रवास करणारे दहा लाखांच्या घरात आहेत. स्टँडला त्रास होतो म्हणून या लोकांना बस नाही म्हणायचं?

तरीही काकांचं एक म्हणणं मला मान्य करावंच लागतं. बस वाढवायची एकच ठरलेली पद्धत चालू राहिली, म्हणजे प्रत्येक उपनगरातून, प्रत्येक गावातून निघणारी नवी गाडी आणून स्वारगेटला, मनपाला (महापालिका भवनाजवळच्या स्टँडला), नाहीतर पुणे स्टेशनला संपवायची, तर ते म्हणतात तसंच होईल. तुंबेल. मी लिहिलेल्या अर्जात नेमकं हेच मागितलं होतं, "धायरी ते स्वारगेट जादा बस". सव्वीस वर्षं बसने फिरूनही मला स्वारगेटच्या पुढचं सुचलं नाही.

आपल्याच शहरात दुसरी पद्धत वर्षानुवर्षं चालू आहे. कात्रजहून निगडीला जाणारी गाडी बघा. अख्खं शहर ओलांडून ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते. वाटेतल्या थांब्यांवर माणसं उतरतात, चढतात, गाडी निघते. ती विश्रांती घेते ती टोकाला. आता समजा, एक गाडी धायरीहून येऊन स्वारगेटला संपते आणि दुसरी विश्रांतवाडीहून येऊन स्वारगेटलाच संपते. दोन्ही तिथे दहा-बारा मिनिटं उभ्या. त्या दोन मार्गांची गाठ मारली आणि धायरीची गाडी थेट विश्रांतवाडीला नेली, तर स्वारगेटला ती दोन-तीन मिनिटांत पुढे जाईल. गाड्या तेवढ्याच, फेऱ्या तेवढ्याच, फलाट मोकळा. शिवाय धायरीच्या माणसाला पुणे स्टेशनला जायला स्वारगेटला गाडी बदलावी लागणार नाही. म्हणजे फलाटावरचं एक माणूसही कमी.

यात अडचण आहे, ती मी लपवणार नाही. मार्ग जितका लांब तितका उशीर जास्त. दांडेकर पुलाला अडकलेली गाडी विश्रांतवाडीलाही उशिरा पोचणार. मग मागची गाडी पुढचीला गाठते आणि तीन-तीन गाड्या एका रांगेत येतात. पाऊण तास काही नाही आणि मग एकदम तीन, हे आपण सगळ्यांनी सोसलंय. स्टँडवर गाड्यांची कोंडी होते त्याचंही मोठं कारण हेच, तिन्ही एकदम आत शिरतात. याला औषध म्हणजे बसला रस्त्यावर स्वतःची वाट देणं. ते आपण करून पाहिलं होतं. २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर असा बीआरटीचा, म्हणजे फक्त बससाठी राखून ठेवलेल्या वाटेचा, प्रयोग सुरू झाला. मग संगमवाडी-विश्रांतवाडी, नगर रस्ता असं ते पुढे गेलं. पुढे नगर रस्त्यावरची बीआरटी काढून टाकली. ती चांगली चालत होती असं मी म्हणत नाही. पण बसची वाट काढून घ्यायची आणि मग "बस वेळेवर येत नाहीत, स्टँडवर गर्दी होते" म्हणायचं, हे मला पटत नाही.

अजून एक गोष्ट, जिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. सगळ्यांना थेट बस का हवी असते? कारण बदलून जायचं म्हटलं की दुसऱ्यांदा तिकीट. १ जून २०२५ पासून कमीत कमी तिकीट दहा रुपये झालं, दिवसाचा पास चाळीसवरून सत्तरला गेला, महिन्याचा नऊशेवरून पंधराशेला. आमच्या मजल्यावर धुणीभांडी करायला येणारी मावशी आता पास काढत नाही. तिला दोन गाड्या बदलणं परवडत नाही, म्हणून ती थेट गाडीची वाट बघत उभी राहते. वाटेत दोन गाड्या तिच्या समोरून जातात, पण त्या निम्म्या वाटेपर्यंतच्या. ती फलाटावर पाऊण तास उभी, आणि तिच्यासारख्या कितीतरी. एका तिकिटावर तासाभरात गाडी बदलायची मुभा दिली, तर ही सगळी माणसं पहिल्या आलेल्या गाडीत बसून निघून जातील. २०२१ मध्ये पेठांसाठी 'पुण्यदशम' ही बससेवा सुरू झाली तेव्हा दहा रुपयांत दिवसभर कितीही वेळा चढा-उतरा असं होतं. छोट्या गाड्या, लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीतूनही जाणाऱ्या. माझी सासू त्या दिवसांत आठवड्यातून तीनदा मंडईत जायची, नुसती भाजी आणायला. स्टँडवर तिला कधी उभं राहावं लागलं नाही, मिळेल त्या थांब्यावरून चढायची.

स्टँडच हलवून टाका, हाही उपाय काही जण सुचवतात. शिवाजीनगरचा एसटी स्टँड मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या शेवटच्या दिवशी वाकडेवाडीला गेला. ज्यांना पूर्वी एसटीतून उतरून पायी मनपाला येता यायचं त्यांना आता सामान घेऊन रिक्षा करावी लागते. स्टँड हलवून गर्दी हलत नाही, फक्त माणसाचे हाल वाढतात. म्हणून ते नको.

ईबस आल्यापासून एक नवी काळजीही आहे. २०१९ मध्ये भेकराईनगर आगारातून इलेक्ट्रिक गाड्या सुरू झाल्या, आता त्या बऱ्याच आहेत आणि वाढताहेत. धूर नाही, आवाज नाही, मला त्या मनापासून आवडतात. पण त्यांना चार्जिंगला उभं राहावं लागतं. चार्जिंगची सोय कडेच्या आगारांतच हवी. ती मधल्या स्टँडवर आली तर फलाटाचं आगार होईल, आणि मग कुठलाच हिशोब लागणार नाही.

सोमवारी रात्री मी अर्ज पुन्हा लिहायला घेतला. "धायरी ते स्वारगेट जादा बस" हे वाक्य खोडलं. आता लिहिलंय की धायरीहून सुटणारी जादा बस स्वारगेटला न संपवता पुणे स्टेशनमार्गे विश्रांतवाडीपर्यंत न्यावी, आणि धायरीच्या टोकाला गाडी थांबायला जागा, चालक-वाहकांसाठी स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी द्यावं.

काल जिन्यात काका भेटले. त्यांना कागद दाखवला. चष्मा काढून त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे बरंय. पण धायरीत गाडी उभी करायला जागा कुठे दाखवणार?"

याचं उत्तर आज माझ्याकडे नाही. धायरी, नऱ्हे, वडगाव भागात राहणाऱ्यांपैकी कुणाला दोन-तीन गाड्या उभ्या राहतील, वळतील अशी मोकळी सरकारी जागा माहीत असेल तर कृपया कमेंटमध्ये लिहा, शक्य असेल तर फोटो टाका. रविवारी सकाळी मी आणि काका चालत जाऊन प्रत्येक जागा बघून येणार आहोत. अर्ज चौकातल्या गिरणीत सह्यांसाठी ठेवलाय, संध्याकाळी सात ते नऊ.