स्कूल बसला कॅमेरा लावला की झालं?

“अमेरिकेत स्कूल बसला कॅमेरे लावले आणि थांब्यावरचे अपघात बंद झाले. इंदूरच्या शाळांनी उद्याच लावावेत, चलान आपोआप घरी जाईल.” पालकांच्या ग्रुपांवर सध्या हा मेसेज जोरात फिरतोय. हेतू चांगला आहे, माहिती कच्ची आहे.

अपघात बंद झाले? नाही हो. तिथे बसचे लाल दिवे लुकलुकले आणि ‘स्टॉप’चा फलक बाहेर आला की गाड्यांनी थांबायचं, असा कायदा आहे. तो मोडणाऱ्यांचा नंबर टिपायला हा कॅमेरा. २०१९ मध्ये ३९ राज्यांतल्या बसचालकांनी एकाच दिवशी मोजलं, तर ९५ हजारांहून जास्त गाड्या बिनधास्त पुढे गेलेल्या. सगळ्या बसना कॅमेरे नव्हते, हे मान्य. पण ‘बंद झाले’ म्हणायला आधार कुठला? शिवाय चढता-उतरताना दगावलेल्या मुलांपैकी बरीच तिथेही स्वतःच्याच बसखाली आलेली आहेत. तिथे कोणाचा नंबर टिपणार?

आता ‘आपोआप चलान’. थांबलेल्या स्कूल बससाठी दोन्हीकडच्या गाड्यांनी थांबलंच पाहिजे, असा अमेरिकेसारखा नियम आपल्याकडे नाही. मग चलान कशाचं फाडणार? आणि २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे चलानासाठीच्या कॅमेऱ्याला सरकारी मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं. शाळेने बाजारातून आणून लावलेला कॅमेरा व्हिडिओ देईल, चलान नाही.

पण मला खरी अडचण वेगळीच दिसते. अमेरिकेतला तो फलक आणि कॅमेरा असतो चालकाच्या बाजूला, दाराच्या उलट. आपला धोका दाराच्याच बाजूला! सकाळी इंदूरच्या महूनाक्याकडून अन्नपूर्णा रोडवर येऊन बघा. बस कडेला न लागता रस्त्यातच उभी राहते, दार उघडतं, आणि बस व फुटपाथ यांच्यामधल्या हातभर जागेतून अॅक्टिवावाले हॉर्न वाजवत डावीकडून घुसतात. पोरगं पायरीवरून उतरतं ते थेट चाकासमोर. त्या बाजूला हेल्परचा आडवा हात सोडला तर काहीच नसतं, आणि तोही बऱ्याचदा आत दप्तरं सरकवत असतो.

व्हॅन आणि ई-रिक्षांतून जाणाऱ्या मुलांचं तर मेसेजमध्ये नावही नाही.

जानेवारी २०१८ मध्ये इंदूरच्याच बायपासवर स्कूल बस डिव्हायडर ओलांडून ट्रकवर आदळली. चार मुलं आणि चालक गेले. त्यावर थांब्याच्या कॅमेऱ्याचा काय उपाय? तिथे प्रश्न वेगाचा आणि गाडीच्या देखभालीचा.

“नसण्यापेक्षा बरं ना?” असंही कुणी विचारेल. लावा की, पण त्याचे पैसे बसच्या फीमध्येच चढणार. त्याआधी शाळेला तीन गोष्टी विचारा: बस पूर्ण कडेला लागते का, दार उघडण्याआधी हेल्पर खाली उतरतो का, आणि रस्त्यापलीकडच्या मुलांना हात धरून कोण नेतं?